घरी काय सांगून निघाली? व्हिक्टोरियन लंडनमधली मुलगी-डिटेक्टिव्ह लिहिताना

पहिल्या खर्ड्यात माझ्या कादंबरीची नायिका हॅटी डिसेंबरातल्या एका दिवशी पाच वाजता मावळतीच्या उन्हात समोरच्या घरातून निघालेल्या माणसाचा चेहरा स्वच्छ बघते. पुढचं सगळं रहस्य त्या चेहऱ्यावर उभं होतं. माझ्या तेरा वर्षांच्या भाचीने दोन पानं वाचली, फोनवर काहीतरी बघितलं आणि म्हणाली, "मावशी, लंडनमध्ये डिसेंबरात चारच्या आतच सूर्य मावळतो." झालं! सात प्रकरणं पत्त्यांसारखी खाली आली.

डोंबिवलीत डिसेंबरातही पाचला ऊन असतं, म्हणून मी हॅटीलाही ते देऊन टाकलं होतं. दोन दिवस रुसून बसले आणि मग तोच अंधार कामाला लावला. त्या काळी रस्त्यावरचे गॅसचे दिवे लावणारा माणूस लांब काठी घेऊन ठरलेल्या वाटेने फिरायचा. हॅटीला चेहरा दिसत नाही. तिला एवढंच आठवतं, की तो माणूस बाहेर पडला तेव्हा कोपऱ्यावरचा दिवा पेटलेला होता आणि दारासमोरचा पेटायचा होता. म्हणजे वेळ मिनिटांत सांगता येते. साक्ष देणारा शपथेवर सांगतो ती वेळ चुकीची ठरते. चेहरा दिसण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं झालं, आणि ते केवळ माझ्या चुकीमुळे.

मी काही लेखिका नव्हे. एकोणतीस वर्षं बँकेत व्हाउचरं तपासली. निवृत्त झाल्यावर दर शनिवारी आमच्या गल्लीतल्या बालवाचनालयात मुलींना मोठ्याने गोष्टी वाचून दाखवायला लागले. अकरा ते पंधरा वयाच्या या मुलींनीच "आमच्या वयाची डिटेक्टिव्ह पाहिजे, आणि घोडागाड्या पाहिजेत" अशी मागणी केली. ही कादंबरी त्यांच्यासाठी लिहिली. आता तिसरा खर्डा झालाय. तुम्हालाही असं काही लिहायचं असेल, तर मी जिथे जिथे आपटले त्या जागा दाखवते.

आधी साल, मग बाकी सगळं

व्हिक्टोरिया राणीचा काळ म्हणजे १८३७ ते १९०१. पेशवाईवर कादंबरी लिहायला बसायचं आणि बाजीराव पहिला की दुसरा हेच ठरवायचं नाही, तसं नुसतं "व्हिक्टोरियन" म्हणून चालत नाही. १८४० साली लंडनच्या पोलिसांत गुप्तहेर शाखाच नव्हती. ती १८४२ मध्ये निघाली, तीही आठ माणसांची. जमिनीखालची रेल्वे जानेवारी १८६३ मध्ये पॅडिंग्टन ते फॅरिंग्डन अशी सुरू झाली. ती वाफेच्या इंजिनावर चालायची, म्हणजे बोगद्यात धूर. १८६८ पर्यंत फाशी भर चौकात द्यायचे. १८७७ मध्ये स्कॉटलंड यार्डचे, म्हणजे लंडन पोलिसांच्या मुख्य कचेरीचे, बडे गुप्तहेरच लाच खाऊन ठगांना सामील झाल्याचं उघड झालं, खटला चालला आणि १८७८ मध्ये सगळं खातं नव्याने मांडलं गेलं. चौदा वर्षांच्या मुलीने "पोलिसांवर विश्वास कसा ठेवू?" असं म्हणावं यासाठी हे साल आयतंच आहे.

बोटांचे ठसे विसरा. स्कॉटलंड यार्डात ठशांचा विभाग १९०१ मध्ये सुरू झाला. गंमत म्हणजे कलकत्त्याचा त्याच्या चार वर्षं आधीचा. माझ्या पहिल्या खर्ड्यात हॅटी कपावर पावडर फुंकून ठसे उचलत होती. ते पान मी अजून ठेवलंय, लाज वाटण्यासाठी.

काळाच्या सुरुवातीचं साल घेणार असाल, तर तारायंत्राची एक खरी गोष्ट सांगते. १ जानेवारी १८४५ रोजी स्लाऊजवळ जॉन टॉवेल नावाच्या माणसाने एका बाईला विष दिलं आणि तो आगगाडीत बसून लंडनला निघाला. मागोमाग पॅडिंग्टनला तार गेली. तो क्वेकर पंथातल्या माणसासारखा लांब कोट घालून होता, पण त्या यंत्रात 'क्यू' हे अक्षरच नव्हतं. तारवाल्याने शब्द 'के'ने सुरू करून पाठवला. पलीकडच्याला आधी काही उमजेना. पण शेवटी उमजलं, आणि टॉवेल पकडला गेला. एक अक्षर नसल्यामुळे गोंधळ होतो, यावर अख्खं प्रकरण लिहिता येईल. माझ्या सालात बसत नव्हतं, म्हणून तुम्हाला देऊन टाकते.

मी १८८९ घेतलं. त्या ऑगस्टमध्ये लंडनच्या गोदी कामगारांनी तासाला सहा पेन्स मजुरी मिळावी म्हणून संप केला आणि महिन्याभराने जिंकला. त्याच ऑगस्टमध्ये लिव्हरपूलला फ्लॉरेन्स मेब्रिकवर नवऱ्याला आर्सेनिक दिल्याचा खटला चालला. तिने माश्या मारायचे विषारी कागद पाण्यात भिजवून ठेवले होते, हा त्यातला मोठा मुद्दा. त्या वर्षीच्या शरदात लंडनच्या कुठल्याही स्वयंपाकिणीला माशीच्या कागदाकडे बघून घाम फुटला असता. असं घरोघर बोललं जाणारं काहीतरी तुमच्या सालात शोधा. पात्रांना गप्पा मारायला विषय मिळतो आणि वाचणाऱ्याला संशय घ्यायला जागा.

कुणाची मुलगी?

इथे मी दोनदा फसले. पहिल्यांदा हॅटी एका लॉर्डची मुलगी होती. मोठं घर, गव्हर्नेस, घोडे. पाचव्या प्रकरणापर्यंत ती बाईसाहेब घराबाहेरच पडू शकली नाही, कारण तशा घरातली मुलगी एकटी रस्त्यावर दिसणं म्हणजे बोभाटा. मग मी तिला मोलकरीण केलं. आता तिला सगळीकडे जाता येत होतं, पण पहाटे चुली साफ करण्यापासून रात्री भांडी घासेपर्यंत तिला श्वास घ्यायला वेळ नव्हता. तपास करणार कधी? आणि तिचं ऐकणार कोण?

तिसऱ्या वेळी ती औषधवाल्याची मुलगी झाली. खाली दुकान, वर घर. बाप चष्मा शोधत असतो तेव्हा गिऱ्हाईक हीच बघते. पुडी पोचवायला ती दोन गल्ल्या एकटी जाऊ शकते, तिसरीत नाही. मधल्या वर्गातली अशी दुकानदाराची मुलगी, ना पुरती मोकळी ना पुरती कोंडलेली, रहस्यकथेला फार उपयोगी पडते. शिंपीण, छापखानेवाल्याची मुलगी, वसतिगृह चालवणाऱ्या विधवेची मुलगी, यांतलीही कुणी चालेल.

आता माझा एकमेव नियम. प्रत्येक प्रकरणाच्या डोक्यावर मी पेन्सिलीने लिहिते: घरी काय सांगून निघाली? आमच्या शनिवारच्या मुलींना हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही. "क्लासला जाते" सांगून कुठे कुठे जाता येतं, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. हॅटीच्या थापांची मी बँकेसारखी वही ठेवली. कुणाला काय सांगितलं, किती वाजता, साक्षीला कोण. रविवारच्या शाळेत गेले होते ही थाप तिसऱ्या प्रकरणात, आणि पाद्र्याची बायको दुकानात खोकल्याचं औषध घ्यायला येते अकराव्यात. थकबाकी वाढत जाते. सोळाव्या प्रकरणात सगळ्या थापांची वसुली एकाच दिवशी होते, आणि नेमकी तेव्हाच ती खरं बोलत असते.

जिथे तिला जाता येत नाही त्या जागांची यादी करा. ती यादी जाता येणाऱ्या जागांपेक्षा जास्त कामाची आहे. ब्रिटिश म्युझियमच्या वाचनकक्षात एकवीस वर्षांखालच्यांना प्रवेश नव्हता. तेव्हा तुमची नायिका तिथे बसून जुनी वर्तमानपत्रं चाळू शकणार नाही, कुणाला तरी पाठवावं लागेल आणि तो माणूस अर्धवट टिपून आणेल. छान! उलट पाव विकणाऱ्या एका कंपनीने १८६४ पासून चहाची दुकानं काढली, तिथे बायकांना पुरुषाच्या सोबतीशिवाय बसलेलं चालायचं. दोन मुलींनी गुपचूप भेटायचं असेल तर ती जागा.

आणि भाचीने विचारलेला प्रश्न, जो मला सुचलाच नसता: "ती दिवसभर बाहेर आहे, मग बाथरूमला कुठे जाते?" बायकांसाठी रस्त्यावर तशी सोय त्या वेळी जवळजवळ नव्हतीच. भल्या घरच्या बायका घरापासून किती लांब जातात हे त्यावरच ठरायचं. हॅटीचा दुपारचा पाठलाग मी याच कारणाने अर्ध्यावर सोडायला लावला. वाचनालयातल्या मुली खो खो हसल्या, पण एकीलाही ते खोटं वाटलं नाही.

वेषांतराबद्दल एकच. मुलाचे कपडे घालून फिरणारी मुलगी फार वेळा येऊन गेली आहे. त्यापेक्षा केस बघा. लहान मुलींचे केस मोकळे आणि झगा पोटरीपर्यंत. वय वाढेल तसा झगा खाली उतरत जायचा, आणि सतराअठराच्या आसपास केस वर बांधले की मुलगी बाई झाली. आपल्या आज्या परकर-पोलक्यातून लुगड्यात गेल्या तसंच हे. हॅटी आईचा जुना झगा चढवून केस वर बांधते तेव्हा अठराची, आणि पिना काढून वेणी सोडली की तेराची. पिना काढायला अर्धं मिनिट लागतं. पाठलाग करणारा माणूस एका बाईला शोधत असतो आणि त्याच्या शेजारून एक पोर निघून जाते.

भिंग ठेवा, वही उघडा

धागेदोरे कुठे ठेवायचे हा प्रश्न मला एका खऱ्या प्रकरणाने सोडवून दिला. १८६० मध्ये विल्टशरमधल्या रोड या गावी केंट नावाच्या सुखवस्तू घरात चारेक वर्षांच्या सॅव्हिलचा खून झाला. लंडनहून जोनाथन व्हिचर आला, त्या पहिल्या आठ गुप्तहेरांपैकी एक. त्याचा संशय सोळा वर्षांच्या सावत्र बहिणीवर, कॉन्स्टन्सवर. कारण? तिच्या तीन झोपायच्या झग्यांपैकी एक मिळत नव्हता. धोब्याकडे दिला आणि तिथेच हरवला, असं ती म्हणाली. सगळं प्रकरण धुण्याच्या हिशेबावर येऊन थांबलं. पुरावा अपुरा पडला, मुलगी सुटली, आणि एका साध्या घरातल्या पोलिसाने खानदानी मुलीच्या अंतर्वस्त्रांची चौकशी केली म्हणून वर्तमानपत्रांनी व्हिचरचीच शोभा केली. पाच वर्षांनी, १८६५ मध्ये, कॉन्स्टन्सने स्वतः गुन्हा कबूल केला.

हे वाचून मला बँकेतली माझी खुर्ची आठवली. चोरी कधीच तिजोरीत सापडत नाही, वहीत सापडते. आणि घराच्या वह्या कुणाच्या हातात असतात? बायकांच्या. धुण्याची यादी, कोळशाचा हिशेब, खाटकाचं बिल, लोण्याचा रतीब. पोलीस दिवाणखान्यात पाऊलखुणा मोजत असतात तेव्हा तुमची नायिका स्वयंपाकघरात बसून विचारते, "या आठवड्यात चादरी सात का? नेहमी सहा असतात ना?" तिथे तिला कुणी अडवत नाही, कारण ते मुलीचंच काम.

औषधवाल्याच्या दुकानात तर सोन्याची खाणच. १८५१ च्या कायद्याप्रमाणे आर्सेनिक विकताना वहीत तारीख, घेणाऱ्याचं नाव, पत्ता, धंदा, किती घेतलं, कशासाठी घेतलं हे लिहून सही घ्यावी लागे. अनोळखी माणसाला द्यायचं तर दोघांच्याही ओळखीचा साक्षीदार हवा. शिवाय किरकोळ विक्रीचं पांढरं आर्सेनिक काजळी किंवा नीळ मिसळून रंगवलेलं असलं पाहिजे, म्हणजे ते साखर किंवा पिठाशी चुकून मिसळू नये. आता बघा. आमच्या गोष्टीतल्या, विषाने मेलेल्या म्हाताऱ्याने दुधाचं पुडिंग खाल्लं, आणि स्वयंपाकीण शपथेवर सांगते की ते पांढरंशुभ्र होतं. सगळी गल्ली हॅटीच्या बापाकडे बोट दाखवते, कारण वहीत त्याच घरातली खरेदी आहे. हॅटी एवढंच विचारते: "मग नीळ कुठे गेली?" हे वाक्य लिहिलं त्या रात्री मला झोप आली नाही. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच कुणाला तरी पकडल्यासारखं वाटलं.

वाचकाशी प्रामाणिक राहायचं असेल, तर नीळ दुसऱ्याच प्रकरणात दाखवा, रहस्य म्हणून नव्हे, उपद्रव म्हणून. माझ्याकडे हॅटीच्या बोटांवर निळा डाग पडतो आणि त्यावरून ती बोलणी खाते. मुली ते ऐकून विसरतात. चौदाव्या प्रकरणात त्यांना आठवतं आणि त्या किंचाळतात.

मी वहीची दोन पानं समोरासमोर घेते, जमा-नावे करतात तशी. डावीकडे खरं काय घडलं, तासावारी, गुन्हेगाराच्या बाजूने. उजवीकडे त्यातलं वाचकाला काय आणि कुठल्या प्रकरणात कळलं. डावीकडची प्रत्येक नोंद उजवीकडे कुठे ना कुठे उतरली पाहिजे. ताळा जुळला नाही तर शेवट लिहायला बसू नका.

दोन गोष्टी कथानकाला फुकट मिळतात, घेऊन ठेवा. संशयास्पद मृत्यूची पहिली चौकशी, कॉरोनरची, सर्रास जवळच्या पबच्या खोलीत भरायची. कारण मोठी खोली तिथेच असायची. पंचांना प्रेत दाखवायचे, मग साक्षी. मुलीला कोर्टात शिरणं अवघड, पण पबच्या मागच्या दाराने ग्लास धुणाऱ्या मैत्रिणीबरोबर शिरणं सोपं. दुसरी गोष्ट, १८९८ पर्यंत खुनाच्या आरोपीला स्वतःच्या खटल्यात शपथेवर साक्ष देता येत नव्हती. हॅटीच्या बापाला सगळं माहीत आहे, पण पिंजऱ्यात उभं राहून तो शपथेवर ते सांगू शकत नाही. दुसऱ्या कुणीतरी ते शोधून सिद्ध करायला हवं. मुलीने तपास का करावा, याचं याहून मोठं कारण मला सापडलं नाही.

खून किती रक्तबंबाळ असावा? माझ्याकडे अजिबात नाही. लंडनच्या व्हाइटचॅपल या गरीब वस्तीतल्या १८८८ च्या खुनांकडे तर जाऊच नका. तिथे खऱ्या, गरीब बायका मेल्या आहेत, त्यांच्यावर करमणूक नको.

मराठीत लंडन

हे सगळं जमलं तरी भाषेत आपटायला होतंच. इंग्रजीत सगळ्यांना एकच 'यू'. आपल्याकडे तू, तुम्ही, आपण. आधी मला ही अडचण वाटली, मग कळलं की हे तर आपल्या हातातलं हत्यार आहे. हवालदार हॅटीला दारात बघतो, ती ॲप्रनमध्ये असते, म्हणून "ए, तू कुठे चाललीस?" मग त्याची नजर तिच्या हातमोज्यांवर जाते. "तुम्हाला... आत यायचंय का, मिस?" एका वाक्यात इंग्लंडची सगळी वर्गव्यवस्था. मोलकरीण हॅटीला "मिस हॅटी, तुम्ही", हॅटी तिला "तू". शेवटच्या प्रकरणात मोलकरीण एकदाच "तू" म्हणते, आणि दोघींपैकी कुणी ते दुरुस्त करत नाही.

म्हणींना आवरा. माझा लंडनचा इन्स्पेक्टर पहिल्या खर्ड्यात "गंगेत घोडं न्हालं" म्हणाला होता. तिथे टेम्स वाहते, हे त्याला कुणीतरी सांगायला हवं होतं. टांगाही नको. टांगा म्हटलं की मिरज स्टेशन डोळ्यांपुढे येतं. एकदा "दोनचाकी हॅन्सम, गाडीवान मागे उंचावर बसलेला" असं सांगून टाका, पुढे नुसतं हॅन्सम. धुकं हा शब्दही फसवा. आपलं धुकं महाबळेश्वरचं, शाल पांघरून बघायचं. लंडनचं ते कोळशाच्या धुराने पिवळं, घशात उतरणारं. मी धुरकं लिहिलं आणि रुमालावर काळे डाग पाडले.

पैसे बदलून सांगू नका. बारा पेन्सचा शिलिंग, वीस शिलिंगांचा पौंड, एवढं एकदा कुणाच्या तरी हिशेबात आलं की मुली आपोआप मोजतात. आमच्यातली एक तर हॅटीची बचत वहीच्या मागे लिहून ठेवते.

आणि बोली. गरीब वस्तीतल्या पोरांची इंग्रजी वेगळी, मग ती मराठीत कशी आणायची? मला सल्ला मिळाला होता की त्यांना मालवणी किंवा वऱ्हाडी द्या, मजा येईल. मला ते पटलं नाही. बोली म्हणजे विनोद नव्हे, आणि व्हाइटचॅपलचा पोरगा नागपूरचा वाटायला लागला की लंडन संपलं. त्यांना तुटक वाक्यं द्या, त्यांच्या धंद्याचे शब्द द्या. हेन्री मेह्यूने १८५० च्या सुमारास रस्त्यावरच्या गरिबांशी बोलून जे टिपून ठेवलं, त्यात आठ वर्षांची वॉटरक्रेसची भाजी विकणारी मुलगी आहे. पेनीला चार जुड्या. ती भावाचा हिशेब एखाद्या म्हाताऱ्या भाजीवालीसारखा सांगते आणि आपल्याला लहान मूल म्हणवून घेत नाही. तिच्या बोलण्यात गरिबी दिसते ती उच्चारांमुळे नव्हे, ती काय मोजते त्यामुळे.

लोक खरोखर कसे बोलायचे हे हवं असेल, तर ओल्ड बेलीच्या कोर्टातले १६७४ ते १९१३ पर्यंतचे खटले इंटरनेटवर फुकट वाचता येतात. नोकरांच्या साक्षी वाचा. "मी दार लावलं, मग मेणबत्ती विझवली" अशी सरळ वाक्यं, पण त्यात घर दिसतं. रस्ते हवे असतील तर चार्ल्स बूथने याच १८८९ च्या सुमारास काढलेले गरिबीचे नकाशे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या संकेतस्थळावर आहेत. एकेक गल्ली रंगवलेली, श्रीमंत पिवळी, अगदी तळाची काळी. हॅटीचं दुकान मी अशा जागी ठेवलं जिथून दोन वळणांत रंग बदलतो.

आपली माणसं

लंडनमध्ये तेव्हा आपली माणसं होती. म्हणून शापित हिरा आणि धुपाच्या धुरातला फकीर आणायची गरज नाही, कृपा करून आणू नका. गोऱ्या कुटुंबांची मुलं सांभाळत बोटीने आलेल्या आया होत्या. काहींना मालकांनी परतीचं तिकीट न देता सोडून दिलं. ऑल्डगेट भागात अशा बायकांसाठी निवारा होता. बोटींवरचे खलाशी होते. आणि १८८९ मध्येच दोन बायका इकडून तिकडे गेल्या. नाशिकला जन्मलेली कॉर्नेलिया सोराबजी ऑक्सफर्डला, आणि मुंबईची रखमाबाई लंडनच्या बायकांच्या वैद्यकीय शाळेत. लहानपणी लावलेल्या लग्नाच्या नवऱ्याकडे नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असं कोर्टाने १८८७ मध्ये सांगितल्यावर तुरुंग पत्करेन म्हणणारी ती हीच. शिकून १८९४ मध्ये डॉक्टर झाली.

साल जुळतंय म्हटल्यावर मला मोह आवरेना. दुसऱ्या खर्ड्यात रखमाबाईंनी निम्मं रहस्य सोडवून टाकलं. भाची म्हणाली, "मग हॅटी कशाला पाहिजे?" खरं होतं. खऱ्या मोठ्या माणसाला गोष्टीत आणलं की ते सगळं पान व्यापतं. मी त्यांना दीड पान ठेवलं, एका कामापुरतं.

ते काम असं. खुनाच्या रात्री त्या घरात एक आया होती, सिंधुदुर्गाकडची. पोलिसांनी तिला प्रश्नच विचारले नाहीत. हॅटी विचारते, आणि आया तिच्या भाषेत उत्तर देते: "माका सगळा म्हायत आसा, पण माका कोणी इचारूकच नाय." सबंध पुस्तकात हीच एक बाई मराठी बोलते, बाकी सगळे इंग्रजी, जे आपण मराठीत वाचतोय. मालवणी मी पहिल्यापासून हिच्यासाठी राखून ठेवली होती. हॅटीला त्यातलं अक्षर कळत नाही. ती नुसता नाद लक्षात ठेवते, रस्ताभर पुटपुटत राहते आणि ब्लूम्सबरीच्या बाजूला त्या वैद्यकीय शाळेच्या दाराशी जाऊन एका साडीतल्या विद्यार्थिनीला तो तोडकामोडका ऐकवते. पण वाचणाऱ्या मुलीला तर आधीच कळलेलं असतं! दोन प्रकरणं ती हॅटीच्या पुढे असते आणि ओरडून सांगू शकत नाही.

गेल्या शनिवारी मी इथपर्यंत वाचलं. आमच्यातल्या दोघींची आजोळं कणकवलीकडची. आयेचं वाक्य ऐकल्यावर त्या एकमेकींकडे बघून हसल्या आणि बाकीच्यांना अर्थ सांगेनात. "तू परत वाच, मग कळेल," असं म्हणून त्यांनी मलाच ते पुन्हा वाचायला लावलं, आणि माझा हेल दोन ठिकाणी दुरुस्त केला. तेवढ्यात एकीने हात वर केला: "पण हॅटी एवढ्या लांब गेली कशी? घरी काय सांगून निघाली?"

मी वही उघडली. त्या नोंदीपुढची जागा कोरी होती. पुढच्या शनिवारपर्यंत भरायची आहे.